पहिला दिवा

सकाळी ६.४५

माझा स्टुडिओ म्हणजे पुण्याच्या सदाशिव पेठेतल्या घराची मागची खोली. १० बाय १२ फूट, उत्तरेला एक मोठी खिडकी, भिंती पांढऱ्या. दिवाळी जवळ आली की घरून फराळ, लोणची, उटणं, साड्या विकणाऱ्या बायकांची फोटो काढून घ्यायला रीघ लागते. दिवसाचं पहिलं काम मी खिडकीवरच करते. ऑक्टोबरात उत्तरेच्या खिडकीत थेट ऊन येत नाही, नुसतं आभाळ आत येतं आणि तासन्‌तास फारसं बदलत नाही. विजेच्या आधीच्या काळात स्टुडिओंना उत्तरेकडे झुकलेलं काचेचं छप्पर असे, ते याचसाठी.

आज चकल्या आहेत. खिडकी डावीकडे, उजवीकडे थर्माकोलची शीट उभी, बाकी काही नाही. बाजूने उजेड आला की चकलीचा काटा न्‌ काटा उठून दिसतो. तोच समोरून पाडला की चकली सपाट होते.

सकाळी ८.१५

लोणच्याच्या बरण्या. काचेला उजेड द्यायचा नसतो, काचेच्या आजूबाजूला द्यायचा असतो. आपाती कोन आणि परावर्तन कोन समान असतात हे आपण शाळेत पाठ केलेलं असतं. काच आणि चांदी समोर ठेवली की त्याचा रोज उपयोग होतो. बरणीच्या मागे बटर पेपर आणि त्यामागे दिवा लावला की तेल सोनेरी दिसतं, कैरीच्या फोडी मोजता येतात. बरणीच्या दोन्ही बाजूंना काळी कार्डशीट उभी केली की काचेची कड रेघेसारखी नीट उमटते. हे सगळं सामान अप्पा बळवंत चौकात मिळतं आणि स्वस्त मिळतं.

सकाळी १०.००

पैठण्या विकणाऱ्या काकू भाचीला घेऊन आल्या. भाची कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, फोटोची आवड आहे, हात चांगला आहे.

“ताई, हिला आता घरीच सगळं मांडून द्यायचंय,” काकू म्हणाल्या. “दहा हजारांच्या आत बसवा.”

भाचीने फोन पुढे केला. तीन दिव्यांचा संच, तीन सॉफ्टबॉक्स, तीन स्टँड, मागचा पडदासुद्धा, आणि किंमत साडेपाच हजार. “हा घेऊ का?”

मी नाही म्हटलं, आणि नवशिक्या प्रत्येकाला नाहीच म्हणते. अशा संचात पैसे तीन ठिकाणी वाटले जातात आणि तिन्ही ठिकाणी कमी पडतात. स्टँड इतके बारीक असतात की सॉफ्टबॉक्सच्या वजनाने झुकतात. होल्डर असतो स्क्रूचा, आपल्या घरातले बल्ब बहुतेक पिनचे, त्यामुळे बल्ब गेला की शोधत फिरायचं. पण माझा मोठा आक्षेप वेगळाच आहे. तीन दिवे एकदम लावले की सावल्या तीन पडतात, आणि कुठला दिवा काय करतोय हे शिकणाऱ्याला कळतच नाही. एका दिव्याची एकच सावली असते. ती बघत बघत डोळा तयार होतो.

मग मी विचारलं, फोटो कशाचे काढणार? आणि कशावर? दिवा निवडताना सगळ्यात आधी हेच ठरवायला हवं. भाची म्हणाली, आत्ता साड्या, फोनवर. कॅमेरा पुढच्या वर्षी.

म्हणजे फ्लॅश बाद. ताकदीत फ्लॅशचा हात कुणी धरत नाही. ६० वॉटचा एलईडी १/६० सेकंदात एक ज्यूल वीज खर्च करतो. कॅमेऱ्यावर बसणारा साधा फ्लॅश पूर्ण ताकदीवर एका झटक्यात साठ-सत्तर ज्यूल मोकळे करतो. रांगतं मूल, नाचणारी मुलगी टिपायची असेल तर पैसे फ्लॅशवरच घालावेत. गोडॉक्स, योंगनुओ यांचे हाताने ताकद ठरवायचे साधे फ्लॅश नवशिक्याला पुष्कळ होतात, फक्त कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणाऱ्या ट्रिगरचा खर्च आधीच धरून ठेवावा. पण फोनला असा फ्लॅश सहसा जोडता येत नाही, आणि साडी काही पळत नाही. फोन ट्रायपॉडवर ठेवला की थोडा उजेडही चालतो. शिवाय सतत जळणाऱ्या दिव्यात जे दिसतं तेच फोटोत येतं. शिकणाऱ्याला याचा फार आधार असतो.

सकाळी १०.४५

लाल रंगाची परीक्षा. ही मी प्रत्येकाला करायला लावते.

काकूंच्या पिशवीत कुंकवी रंगाची पैठणी होती. ती आधी खिडकीत धरली, मग घरातल्या ९ वॉटच्या एलईडी बल्बखाली, मग माझ्या दिव्याखाली. बल्बखाली कुंकवाचा रंग विटकरी झाला. काकू लगेच म्हणाल्या, “अहो, म्हणूनच गिऱ्हाईक म्हणतं, फोटोतली साडी वेगळी आणि आलेली वेगळी.”

दिव्याच्या खोक्यावर सीआरआय म्हणून एक आकडा असतो. त्या दिव्यात रंग किती खरे दिसतात ते तो सांगतो, शंभरपैकी. घरगुती एलईडीचा साधारण ८० असतो, फोटोच्या चांगल्या दिव्याचा ९५ किंवा वर. पण हा आकडा आठ फिकट रंगांच्या सरासरीने काढतात, आणि गडद लाल रंगाचा नमुना, ज्याला आर-९ म्हणतात, त्या आठांत नाहीच. त्यामुळे ८० आकड्याचा बल्ब लालाच्या बाबतीत जवळजवळ शून्यावर असू शकतो. आपल्याकडे विकायला काय असतं? कुंकू, तिखट, डाळिंब, पैठणी, लोणच्याची तर्री. लाल चुकला की सगळंच चुकलं. माझ्या मते पहिल्या दिव्यात पैसे घालायचे ते याच्यासाठी. वॉट दोन पावलं मागे राहिले तरी चालतील.

दुपारी १२.००

तिघी बाहेर पडलो. आधी कॅमेऱ्याचं दुकान. ६० वॉटचा, ५६०० केल्व्हिनचा, म्हणजे दिवसाच्या उजेडासारख्या रंगाचा, सीआरआय ९५ च्या वरचा, पुढे बोवेन्स माउंट असलेला एलईडी मागितला. गोडॉक्सचा एसएल-६० हा या वर्गातला सगळ्यांच्या ओळखीचा. त्याच घडणीचे आणखी स्वस्त दिवेही येतात. माउंटचा हट्ट धरण्याचं कारण आहे. बोवेन्स ही ब्रिटिश कंपनी २०१७ साली बंद झाली, पण तिची ही जोडणी जगभर रूढ झाली. आज घेतलेल्या दिव्यावर पाच वर्षांनी त्याच जोडणीचा कुणाचाही सॉफ्टबॉक्स बसतो.

दिवा लावून दाखवायला सांगितला. फोनचा कॅमेरा मॅन्युअलवर टाकून शटर १/१००० केलं आणि दिव्याकडे धरलं. आपली वीज ५० हर्ट्‌झची, म्हणून हलक्या ड्रायव्हरचा (आतल्या वीज पुरवणाऱ्या सर्किटचा) दिवा सेकंदाला शंभरदा लुकलुकतो. डोळ्याला ते कळत नाही, फोनवर आडवे पट्टे दिसतात. पहिल्या दिव्यात पट्टे दिसले, तो परत ठेवला. दुसरा स्वच्छ निघाला. मंद करूनही बघितला, कारण काही दिवे पूर्ण उजेडात ठीक असतात आणि मंद केले की लुकलुकतात.

पुढे तपकीर गल्लीत तीन पिनचा एक्स्टेन्शन बोर्ड घेतला, अर्थिंग तपासून. तिथे हजार वॉटचा हॅलोजन बघून भाची थबकली. दिव्यापेक्षा कितीतरी स्वस्त. हॅलोजनचा लाल उत्तम असतो हे मी मान्य केलं. पण तो तासाला एक युनिट खातो, सॉफ्टबॉक्सचं कापड जाळू शकतो, आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात बंद खोलीत त्याच्यासमोर कुणी उभं राहणार नाही. लक्ष्मी रोडवर साडेतीन मीटर पांढरं कापड घेतलं. मांजरपाट नको, त्याचा पिवळेपणा उजेडात उतरतो. गडद नीळ दिलेलंही नको.

दुपारी २.००

जेवण. काकूंनी पुरणपोळीचा डबा आणला होता.

दुपारी ३.००

काकूंच्या घरी मांडामांड. पुढच्या खोलीच्या भिंती पिस्ता रंगाच्या, आणि तो रंग पांढऱ्या काठावर हिरवट झाक मारणार, म्हणून एका बाजूला पांढरं कापड ताणलं. दिव्यापुढे ४३ इंचांची आरपार उजेड सोडणारी पांढरी छत्री लावली.

इथे भाचीला दोन गोष्टी करून दाखवल्या. दिवा मऊ असतो की कडक, हे त्याच्या किमतीवर नसतं. साडीच्या जागेवरून तो केवढा दिसतो त्यावर असतं. छत्री तीन फुटांवर असली की सावलीच्या कडा विरघळतात, तीच दहा फुटांवर नेली की कडा बऱ्याच कडक होतात. नवीन माणूस भीतीने दिवा लांब ठेवतो. जवळ आणावा, फोटोत येईल इतका जवळ, मग इंचभर मागे.

दुसरी गोष्ट अंतराची. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई होतो. दिव्यापासून साडी तीन फूट आणि भिंत सहा फूट असेल तर भिंतीवर सुमारे दोन स्टॉप कमी, म्हणजे चौथाईच उजेड पडतो, आणि पिस्ता भिंत करड्या पडद्यासारखी मागे जाते. लहान घराची अडचण वाटते तितकी मोठी नाही. दिवा आणि साडी भिंतीपासून एकत्र पुढे ओढली की काम होतं.

पंखा बंद केला. छत्री लावलेला स्टँड पंख्याच्या वाऱ्याने आडवा होतो. स्टँडच्या पायावर पाच किलो तांदळाची पिशवी टाकली.

दुपारी ४.३०

पदर. साडीचा फोटो म्हणजे जरीचा फोटो, आणि जर म्हणजे धातूच. समोरून उजेड मारला की मोर पांढरे फटक पडतात. छत्री बाजूला, साडीच्या पातळीला जवळजवळ समांतर आणली, समोरच्या अंगाला थर्माकोल. मग जरीत पांढरं थर्माकोल उमटलं, मोर सोनेरी झाले आणि रेशमाच्या घड्यांना खोली आली. थर्माकोल वीतभर पुढेमागे करत भाची बराच वेळ नुसती बघत राहिली. मी मध्ये बोलले नाही.

संध्याकाळी ६.३०

अंधार पडला आणि काकूंनी सवयीने ट्यूबलाइट लावली. लगेच साडीची एक बाजू वेगळ्या रंगाची झाली. घरातली ट्यूब ६५०० केल्व्हिनची, आपला दिवा ५६०० चा, देवघरातला बल्ब २७०० चा. फोनला यांतला एकच रंग पांढरा मानता येतो. फोटो काढताना घरातले बाकी सगळे दिवे बंद, हा नियम भिंतीवर लिहून ठेवला. शटर १/५० किंवा १/१०० वर कायम.

रात्री ९.००

हिशेब केला. दिवा सुमारे सात हजार, स्टँड नऊशे, छत्री पाचशे, बोर्ड, कापड, कार्डशीट आणि थर्माकोल मिळून हजारच्या आत. दहा हजारांतून थोडे उरले, ते भाचीने फोनच्या ट्रायपॉडसाठी ठेवले. दुसरा दिवा वर्षभर घ्यायचा नाही, असं तिच्याकडून कबूल करून घेतलं.

तुम्ही पहिला दिवा घ्यायला निघालात तर पिशवीत एक लाल साडी किंवा निदान कुंकवाचा करंडा न्या, आणि दिवा लावून दाखवायला सांगा. लावून दाखवायला जो तयार नसेल, त्याच्याकडून घेऊ नका.