पत्ता बदलतो तेव्हा : जावा संकेतस्थळांतील पुनर्निर्देशन

संगणक क्षेत्रात नोकरी करणाऱ्या आमच्या माजी विद्यार्थ्यांना हा विषय जुनाच वाटेल. अंतरवाली सराटीत बसून मुलांच्या शिष्यवृत्तीचे अर्ज ऑनलाईन भरणाऱ्या पालकांना मात्र, एक पान उघडले असता दुसरेच का येते, हे समजावे म्हणून आम्ही ते लिहीत आहोत.

जात वैधता प्रमाणपत्राचा अर्ज घेऊन कोणी अंबडच्या तहसील कार्यालयात गेले, तर कागद परत मिळतात आणि ‘जालन्याच्या पडताळणी समितीकडे जा’ असे सांगितले जाते. फेरा आपणच घालायचा. जावातील ‘सेंडरिडायरेक्ट’ हेच करते. सर्व्हर ३०२ हा संकेतांक आणि ‘लोकेशन’ या शीर्षकाखाली नवा पत्ता ब्राउझरला पाठवतो. ब्राउझर तेथे नवी विनंती करतो आणि वरच्या पट्टीतील पत्ता बदलतो. ‘फॉरवर्ड’मध्ये मात्र कारकून आपला कागद स्वतःच शेजारच्या टेबलावर सरकवतो. विनंती तीच राहते, पत्ता बदलत नाही आणि कागदाला जोडलेली टाचणेही सोबत जातात. पुनर्निर्देशनात ती मागेच राहतात. म्हणून जपायची माहिती ‘सेशन’मध्ये ठेवावी लागते.

शिष्यवृत्तीच्या अर्जाला हा भेद फार महत्त्वाचा आहे. अर्ज स्वीकारून सर्व्हरने पोचपावतीचे पान केवळ फॉरवर्ड केले आणि विद्यार्थिनीने ते रिफ्रेश केले, तर ब्राउझर तोच अर्ज पुन्हा पाठवू शकतो. काटेकोर तपासणी नसेल तर एकीच्या नावावर दोन अर्ज नोंदले जातात. अर्ज नोंदवून पोचपावतीकडे पुनर्निर्देशन केले, तर रिफ्रेशने फक्त पावती पुन्हा येते. नवशिके येथे एक गोष्ट विसरतात : ‘सेंडरिडायरेक्ट’नंतर पुढील ओळी आपोआप थांबत नाहीत, ‘रिटर्न’ लिहावे लागते.

३०२ म्हणजे तात्पुरता बदल, ३०१ म्हणजे कायमचा. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव विधिमंडळात २७ जुलै १९७८ रोजी झाला. नामविस्तार प्रत्यक्षात आला १४ जानेवारी १९९४ रोजी. असा बदल ३०१चा! ब्राउझर ३०१ लक्षात ठेवतो व पुढे जुन्या पत्त्यावर न जाता थेट नव्याकडे वळतो. म्हणून चुकून दिलेला ३०१ मागे घेणे जिकिरीचे होते.

कोठे वळायचे हे दुव्यातूनच घेणारे आणि ते न तपासणारे संकेतस्थळ भामट्यांच्या उपयोगी पडते. व्हॉट्सअॅपवर आलेल्या दुव्याची सुरुवात ओळखीची असली, तरी शेवट परक्या संकेतस्थळावर होऊ शकतो. म्हणून पालकांनी पान पूर्ण उघडल्यावर पट्टीतील पत्ता पुन्हा वाचावा आणि मगच आधार क्रमांक किंवा ओटीपी भरावा.