टेबलावर रास्पबेरी पाय

२९ फेब्रुवारी २०१२ रोजी ब्रिटनमध्ये रास्पबेरी पाय नावाचा ३५ डॉलरचा एक उघडा सर्किट बोर्ड विक्रीला आला आणि तो विकणाऱ्या दोन्ही कंपन्यांच्या वेबसाइट गर्दीने आडव्या झाल्या. २५६ एमबी मेमरी, ७०० मेगाहर्ट्झचा एकच कोअर. सोबत पेटी नाही, कीबोर्ड नाही, चार्जरही नाही. त्या काळच्या चांगल्या मोबाइलमध्ये याहून ताकदीचा प्रोसेसर होता. केंब्रिजमधल्या एबेन अप्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना त्याची फिकीर नव्हती. विद्यापीठात संगणकशास्त्राला अर्ज करणारी मुलं कमी होत चालली होती, आणि जी येत त्यांतल्या फार थोड्यांनी घरी यंत्राशी झटापट केलेली असे. ऐंशीच्या दशकात बीबीसी मायक्रो या संगणकाने ब्रिटिश मुलांना जी खोड लावली होती, ती पुन्हा लावायची होती. बीबीसी मायक्रो बनवणारी एकॉर्न कंपनीही केंब्रिजचीच. तिथल्याच सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी आखलेली पहिली आर्म चिप १९८५ मध्ये चालली, आणि या बोर्डावरचा प्रोसेसर त्याच घराण्यातला.

म्हणजे मुलांनी उसवावं, जोडावं, बिघडवावं यासाठी जन्मलेलं हे यंत्र. पत्रव्यवहार, बँकेची कामं, यूट्यूब, मुलांचा अभ्यास असा रोजचा संसार त्यावर करता येईल का, हा प्रश्न लोकांनी मागाहून काढला. पहिल्या तीन पिढ्यांपुरतं उत्तर होतं: करता येईल, पण जीव मेटाकुटीला येईल. जास्तीत जास्त १ जीबी मेमरी. ब्राउझरमध्ये चार पानं उघडली की माउसचा बाणसुद्धा अडखळायचा. जून २०१९ मध्ये आलेल्या पाय ४ ने प्रश्न गंभीर केला. त्याला ४ जीबीपर्यंत मेमरी, दोन मॉनिटर आणि यूएसबी ३ होतं. पुढच्याच वर्षी ८ जीबीचा बोर्डही निघाला. २०२३ च्या पाय ५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झचे चार कोअर बसले आणि कंपनीने वेग दुप्पट-तिप्पट झाल्याचं सांगितलं. चालू-बंद करायचं बटणही या मुख्य मालिकेत तेव्हाच पहिल्यांदा आलं. अकरा वर्षं लोक वायर उपटून, पुन्हा खोचून संगणक सुरू करत होते, हे विसरू नये.

खरेदीला निघालेला माणूस मात्र कोअर आणि गिगाहर्ट्झ मोजत बसतो. ते सगळ्यात शेवटी मोजावेत. बोर्ड टेबलावर सुखाने नांदेल की नाही हे त्याच्या भोवतालच्या सामानावर ठरतं, आणि त्यात पहिला नंबर विजेचा. घरात लॅपटॉपचा ६५ वॉटचा टाइप-सी चार्जर पडलेला असतो, तो चालेल असं वाटतं. पण तो ६५ वॉट देतो ते २० व्होल्टवर. पाय ५ ला हवेत ५ व्होल्टवर ५ अँपिअर, आणि ५ व्होल्टवर असे चार्जर सहसा ३ अँपिअरला थांबतात. संगणक सुरू होतो, पण सगळ्या यूएसबी पोर्टना मिळून ६०० मिलिअँपिअरच सोडतो. मग बाहेरची हार्ड डिस्क नुसती टकटक करत राहते आणि घेणारा डिस्कला दोष देतो. कंपनीचा २७ वॉटचा चार्जर मुकाट्याने घ्यावा.

दुसरं, मेमरी कार्ड. कॅमेऱ्यासाठी घडवलेली ही वस्तू मोठ्या फायली एका दमात लिहायला बरी. ऑपरेटिंग सिस्टिम आणि ब्राउझर मात्र दिवसभर बारीकसारीक काहीतरी लिहीत असतात, आणि तिथे कार्ड रडतं. पाय ‘स्लो’ असल्याच्या निम्म्या तक्रारी माझ्या मते कार्डाच्या आहेत. शिवाय लिहिता लिहिता लाइट गेली तर कार्डावरची अख्खी फाइल सिस्टिम बिघडू शकते. आपल्याकडे, विशेषतः शहराबाहेर, हे गृहीतच धरावं. पाय ५ ला पीसीआय एक्सप्रेसची एक वाट आहे, तिच्यावर छोटा जोडबोर्ड टाकून एनव्हीएमई एसएसडी बसवता येते. ती बसवल्यावर तोच बोर्ड ओळखू येत नाही.

तिसरी उष्णता. चिप ८० अंशांना पोचली की बोर्ड स्वतःच वेग कमी करू लागतो. अकोल्या-नागपुरात मे महिन्यात खोलीतलाच पारा चाळिशीला टेकलेला असतो, तिथे पंख्याशिवाय पाय ५ घेणं म्हणजे पैसे देऊन पाय ४ घेणं.

चार्जर, एसएसडी, जोडबोर्ड, पंखा, पेटी, केबल अशी बेरीज केली की ३५ डॉलरची ख्याती कुठल्या कुठे राहते. त्यात २०२५ च्या अखेरीस मेमरी चिप महागल्या आणि बोर्डांच्या किमती आणखी वर गेल्या. एवढ्या पैशांत इंटेल एन१०० प्रोसेसरचा, पेटी आणि एसएसडीसकट मिनी पीसी किंवा एखाद्या ऑफिसातून निघालेला जुना छोटा डेस्कटॉप येतो. ज्याला टॅली, श्रीलिपी किंवा जुन्या पेजमेकरच्या फायली चालवायच्या आहेत, टेंडरसाठी डिजिटल सहीचं टोकन लावायचं आहे, त्याने तिकडेच जावं. हे सारं इंटेल घराण्याच्या विंडोजवर वाढलेलं आहे; आर्मवर त्याला ओढून आणण्यात शहाणपण नाही. युनिकोड मराठीची मात्र अडचण नाही. इनस्क्रिप्ट कीबोर्ड निवडता येतो, एखादं फाँटचं पॅकेज टाकावं लागलं तर टाकावं, आणि लिबरऑफिसमध्ये जोडाक्षरं नीट बसतात.

कागदावर पायला मागे टाकणारे बोर्डही आहेत. ऑरेंज पाय ५ वर रॉकचिपचे आठ कोअर आहेत, रडक्साचा रॉक ५ त्याच जातीचा. पण त्यांच्यासोबत आलेलं लिनक्स कर्नल चिप बनवणाऱ्याने कधीतरी जुळवलेलं जुनं कर्नल होतं. मूळ लिनक्समध्ये या चिपचा आधार हळूहळू येत गेला आणि मधल्या काळात अशा बोर्डांसाठी लिनक्स तयार करणाऱ्या आर्मबियनच्या स्वयंसेवकांनी गाडं ओढलं. हौशी माणसाला यात मजा आहे. वडिलांच्या टेबलावर ठेवून आपण पुण्याला परतणार असू, तर नाही. याउलट २०१२ चा तो पहिला ३५ डॉलरचा बोर्ड काढला तर डेबियनवर बेतलेल्या रास्पबेरी पाय ओएसची ३२ बिटची आजची आवृत्ती त्याच्यावर अजून चढते. रांगत चालते, पण चढते. पायचे जास्तीचे पैसे आपण या निष्ठेचे देतो, आणि मला ते पटतात.

रोजच्या कामासाठी मी सुटा बोर्ड घेणार नाही, कीबोर्डातला पाय घेईन. नोव्हेंबर २०२० च्या पाय ४०० पासून कंपनीने संगणक कीबोर्डाच्या पोटात घालायला सुरुवात केली. बीबीसी मायक्रोची ठेवणही अशीच होती. डिसेंबर २०२४ मध्ये ८ जीबीचा पाय ५०० आला. आत मोठा धातूचा पत्रा उष्णता पसरवतो, म्हणून पंखा नाही आणि आवाजही नाही. त्याच्या बोर्डावर एसएसडीच्या खाचेची जागा आखलेली होती, पण खाच बसवलेलीच नव्हती, यावर लोकांनी बरीच कुरकुर केली. सप्टेंबर २०२५ च्या ५००+ मध्ये ती खाच आली. सोबत २५६ जीबीची एसएसडी, १६ जीबी मेमरी, यांत्रिक कळा आणि २०० डॉलरचा आकडाही आला. त्याच्या आजच्या किमतीएवढे पैसे असतील आणि टॅली-टोकनची गरज नसेल, तर टेबलासाठी पायच्या घरातलं हेच यंत्र पुरं आहे. नसतील तर साधा ५०० आणि यूएसबीवर एसएसडी. मॉनिटरची केबल मागताना मायक्रो-एचडीएमआय असं स्पष्ट सांगावं; दुकानदार बऱ्याचदा मिनी काढून देतो आणि ती बसत नाही.