लांबची टीम आणि हरवलेलं यान

प्लेसमेंटच्या टॉकमध्ये 'व्हर्च्युअल टीम' हा शब्द हमखास कानावर पडतो. अर्थ सोपा आहे: माणसं वेगवेगळ्या गावी, काम मात्र एकच. फोन आहे, ई-मेल आहे, व्हिडिओ कॉल आहे, मग अडचण ती काय? हे समजायला नासाच्या मार्स क्लायमेट ऑर्बिटरची गोष्ट पुरेशी आहे.

हे यान ११ डिसेंबर १९९८ रोजी मंगळाकडे निघालं. ते बांधलं होतं डेन्व्हरच्या लॉकहीड मार्टिनने आणि त्याचा मार्ग आखत होती कॅलिफोर्नियातली जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी. वाटेत यानाचे छोटे थ्रस्टर अधूनमधून चालवावे लागत. दर वेळी यानाला किती धक्का बसला, तो आकडा लॉकहीडचं सॉफ्टवेअर काढायचं आणि फाइल कॅलिफोर्नियाला जायची. आकडा असायचा पाउंड-फोर्स सेकंदात. पलीकडे तो न्यूटन-सेकंद समजून वापरला जायचा. म्हणजे खरा धक्का ४.४५ पट मोठा! गंमत म्हणजे न्यूटन-सेकंदच वापरायचं, हे कागदावर आधीच ठरलेलं होतं.

२३ सप्टेंबर १९९९ ला यान मंगळापासून सुमारे २२६ किमी उंचीवरून जायला हवं होतं. ते गेलं साधारण ५७ किमीवरून. संपर्क तुटला तो कायमचाच.

चौकशी समितीने मूळ कारण युनिटचं धरलं, पण आणखीही एक गोष्ट नोंदवली. मार्गाचं गणित नीट जुळत नाहीये, अशी शंका नेव्हिगेशनवाल्यांना आधीच आली होती. पण ती बोलण्यात आणि ई-मेलमध्येच राहिली. अडचण नोंदवायची जी रीतसर पद्धत होती, तिच्यात ती गेलीच नाही.

एका खोलीत काम करताना शेजारच्याचा चेहरा बघून आपण विचारतो, "काय रे, काय झालं?" लांबच्या टीमला ही सोय नसते. म्हणून तिथे तीन सवयी लागतात. आकड्याबरोबर युनिट लिहायचं. ठरलेलं पाळलं जातंय का, ते एक छोटं उदाहरण दोन्हीकडे सोडवून ताडून बघायचं. आणि शंका कितीही बारीक असो, सगळ्यांना दिसेल अशा एकाच ठिकाणी नोंदवायची. तिला उत्तर मिळेपर्यंत ती खोडायची नाही.

सुट्टीत ग्रुपमधला एक जण नागपूरला, एक कोल्हापूरला आणि प्रोजेक्ट अर्धवट, हे आपल्याकडे दरवर्षीचंच. तेव्हा रीडिंग पाठवताना नुसतं '१२.५' पाठवू नका. १२.५ काय, ते लिहा!