केसपेपरवर न दिसणारे काम

पावसाळ्यात ताप, पोटऱ्यांत ठणका आणि लालभडक डोळे घेऊन रुग्ण ओपीडीत येतो. व्यवसायापुढे लिहिलेले असते, ‘मजुरी’. ही मजुरी गटार उपसण्याची असेल, तर पायाच्या जखमेतून शिरणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसचा संशय पहिल्याच दिवशी यायला हवा. उंदराच्या मूत्राने दूषित झालेल्या पाण्यातून तो होतो. पण काम नेमके कोणते, हे विचारायला गर्दीत सवड कुणाला?

अकोल्यात जन्मलेले छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी मात्र ते काम कॅमेऱ्याने टिपले. मुंबईच्या सफाई कामगारांची त्यांची कृष्णधवल छायाचित्रे पुढे पुस्तकरूपातही आली. घाणीत उतरलेली उघडी अंगे, हातमोज्यांविना कचरा उचलणारे हात आणि या माणसांचे घरही त्यांत दिसते. २०१६ मध्ये ओलवे यांना पद्मश्री मिळाली.

छायाचित्रांचे पुस्तक आजाराची साक्ष कशी देते, हे युद्धोत्तर जपानने दाखवले. मिनामाता येथे १९५६ मध्ये मज्जासंस्थेच्या विचित्र आजाराची अधिकृत नोंद झाली. कारखान्याच्या सांडपाण्यातील मिथाइल मर्क्युरी मासळीतून माणसांत आणि नाळेतून गर्भातही जात होते. आईला फारसा त्रास नाही, मूल मात्र कायमचे अपंग, अशी उदाहरणे होती. शिसेई कुवाबारा यांनी १९६० पासून तेथील रुग्णांची छायाचित्रे घेतली. पुस्तक १९६५ मध्ये निघाले. सरकारने कारखान्यावर बोट ठेवले ते १९६८ मध्ये. तोवर नोंदी होत्या, संशोधन होते, पण रुग्णांचे चेहरे फार थोड्यांनी पाहिले होते.

गटारातला सर्वांत मोठा धोका मात्र कुठल्याच छायाचित्रात येत नाही. तो म्हणजे हायड्रोजन सल्फाइड. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. हवेत त्याचे प्रमाण दहा लाख भागांत सुमारे १०० भाग झाले, की नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर होते. वास गेला म्हणून माणूस निर्धास्त होतो, इथेच घात होतो. प्रमाण आणखी वाढले, की पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही आणि एक-दोन श्वासांत शुद्ध हरपते. म्हणून अशा अपघातात बहुधा एकटा जात नाही. पहिल्याला काढायला दुसरा उतरतो, त्याच्यामागे तिसरा.

माणसाला सुरक्षा साधनांविना गटारात उतरवण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. तरीही असा प्रसंग दिसला तर स्वतः खाली उतरू नका. कामगाराच्या कमरेला दोर असेल तर वरूनच ओढा आणि लगेच अग्निशमन दलाला १०१ वर कळवा.