कानात बसलेली चॅनेल स्ट्रिप

रेकॉर्डिंग स्टुडिओत मिक्सिंगचे जे लांबलचक टेबल असते, ते नीट पाहिले तर उभ्या पट्ट्यांचे बनलेले दिसते. प्रत्येक पट्टीवर वरपासून खालपर्यंत तीच बटणे, तेच खटके आणि शेवटी तोच सरकता फेडर. एका माइकला एक पट्टी. गायकाची एक, हार्मोनियमची एक, तबल्याच्या दोन. या पट्टीला ‘चॅनेल स्ट्रिप’ म्हणतात. जुनी टेबले मोडीत निघू लागली तेव्हा त्यातल्या पट्ट्या सोडवून, स्वतंत्र डब्यात बसवून विकल्या जाऊ लागल्या. हेच काम संगणकावर स्वस्तात होत असतानाही आज लोक अशा एका डब्यासाठी लाखाच्या घरात पैसे मोजतात.

आरोग्याच्या सदरात या डब्याचे काय काम, असे वाटेल. पण ही पट्टी विजेच्या साहाय्याने जे करते, त्यातले बरेच काही आपला आतला कान जन्मापासून करत असतो. कानातला तो भाग निकामी झाला की मग आपण कानात नखाएवढी एक चॅनेल स्ट्रिपच बसवतो. तिला ‘कानाचे मशीन’ म्हणतो, इतकेच.

पट्टीतले पहिले काम प्रीअँपचे. साध्या डायनॅमिक माइकसमोर ९४ डेसिबलचा, म्हणजे चांगला खणखणीत आवाज केला, तरी तारेतून जेमतेम दीड-दोन मिलिव्होल्ट येतात. स्टुडिओतल्या पुढच्या यंत्रांना साधारण सव्वा व्होल्ट लागतो. म्हणजे आवाज सात-आठशे पटींनी वाढवायचा, आणि वाढवताना त्यातली खरखर वाढू द्यायची नाही. त्यानंतर इक्वलायझर येतो. खर्ज किती ठेवायचा, वरची किणकिण किती, हे तो ठरवतो. घरच्या टेपरेकॉर्डरवरच्या बास-ट्रेबलच्या बटणांचे हे थोरले भावंड. तिसरा कॉम्प्रेसर. त्याच्याकडे पुन्हा येऊ, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे.

आधी लाखभर रुपयांचे काय ते पाहू. इंग्लंडचे रूपर्ट नीव्ह (१९२६–२०२१) यांनी १९७० मध्ये ‘१०७३’ नावाची पट्टी तयार केली. तिच्या दारात आणि बाहेर पडण्याच्या वाटेवर ट्रान्सफॉर्मर आहेत. लोखंडी गाभ्यातून जोरकस आवाज जाऊ लागला की तो गाभा थोडा ‘भरतो’ आणि मूळ आवाजात नसलेले बारीक स्वरांश त्यात मिसळतो. मूळ स्वराच्या दुप्पट कंपनांचा अंश म्हणजे वरच्या सप्तकातला सा, तिप्पट कंपनांचा म्हणजे त्यावरचा पंचम. कागदावर हा दोष आहे. कानाला मात्र तो भरीवपणा वाटतो.

मराठी वाचकाला हे नवे वाटू नये. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो, घोडीचा पृष्ठभाग घासून तारेखाली नेमका दोरा सरकवतो, तेव्हा तो वेगळ्या वाटेने त्याच दिशेने निघालेला असतो. साध्या तारेतून न उमटणारे वरचे स्वरांश जवारीमुळे झणझणून उठतात. सी. व्ही. रामन यांनी १९२१ मध्ये तंबोरा आणि वीणेच्या घोडीचा हा विशेष आपल्या निबंधात मांडला होता.

नीव्ह एक किस्सा नेहमी सांगत. बीटल्सचे ध्वनिमुद्रक जेफ एमरिक यांना नव्या टेबलावरच्या काही पट्ट्या खटकत होत्या. तपासले तेव्हा तीन पट्ट्यांमधल्या ट्रान्सफॉर्मरची जोडणी चुकली होती आणि ५४ किलोहर्ट्झच्या आसपास आवाज ३ डेसिबलने उसळत होता. माणसाचा कान तरुणपणीसुद्धा २० किलोहर्ट्झच्या वर ऐकत नाही! यावरून काही जण माणसाला त्याही पलीकडचे ‘जाणवते’ असा निष्कर्ष काढतात. तो मला घाईचा वाटतो. वरची उसळी पुढच्या यंत्रांतून जाताना ऐकू येणाऱ्या पट्ट्यातही काही गडबड करत असणे जास्त शक्य आहे. पण एमरिक यांना फरक कळला आणि मीटरने तो नंतर दाखवला, हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे.

आता कॉम्प्रेसर. गायिका कुजबुजल्यासारखी सुरुवात करते आणि तानेच्या शेवटी माइक थरथरवते. कुजबुज ऐकू येईल एवढा आवाज ठेवला तर तान फाटते. तान सांभाळली तर कुजबुज हरवते. कॉम्प्रेसर आवाजावर लक्ष ठेवतो आणि ठरलेल्या मर्यादेच्या वर गेला की त्याला दाबतो. मर्यादा कुठे, किती दाबायचे, किती चटकन पकडायचे आणि किती सावकाश सोडायचे, या चार गोष्टी ठरवल्या की झाले. साठच्या दशकातल्या ‘एलए-टू-ए’ या गाजलेल्या कॉम्प्रेसरची युक्ती गमतीची आहे. आवाज वाढला की आतली एक छोटी प्रकाशपट्टी उजळते, शेजारच्या प्रकाशसंवेदी घटकाचा रोध बदलतो आणि आवाज खाली येतो. हा घटक उजेड गेल्यावरही लगेच पूर्ववत होत नाही, रेंगाळतो, म्हणून त्याचे दाबणे मऊ वाटते. उलट बिल पुटनम यांचा १९६७ चा ‘११७६’ सेकंदाच्या पन्नास हजाराव्या भागात पकड घेतो.

कानासमोरचा प्रश्न गायिकेच्या माइकपेक्षा कितीतरी कठीण आहे. ऐकू येणारा सर्वांत हलका आवाज आणि कान दुखवणारा आवाज यांच्या दाबात साधारण दहा लाख पटींचा फरक असतो. एवढा पल्ला कोणताही एकटा मज्जातंतू वाहून नेऊ शकत नाही. म्हणून आतल्या कानात, गोगलगायीच्या शंखासारख्या कॉक्लियामध्ये, निसर्गाने कॉम्प्रेसर बसवला आहे. तिथे सुमारे साडेतीन हजार आतल्या केशपेशी मेंदूकडे निरोप पाठवतात आणि सुमारे बारा हजार बाहेरच्या केशपेशी आवाजाबरोबर स्वतः आखूड-लांब होत हलक्या आवाजाला उचलून धरतात. हा हातभार ४० ते ६० डेसिबलचा असतो. आवाज मोठा होत गेला की त्या तो काढून घेतात. मध्यकर्णात एक चिमुकला स्नायूही मोठ्या आवाजाला ताणला जातो, पण त्याला पकड घ्यायला सेकंदाचा दहावा भाग लागू शकतो. सुतळी बॉम्ब तोवर आत पोचलेला असतो.

वयाने आणि गोंगाटाने बहुधा आधी मरतात त्या याच बाहेरच्या केशपेशी. माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. मग घरोघरी हा संवाद ऐकू येतो : ‘आजोबा, जेवायला चला.’ ‘काय?’ ‘जेवायला चला!’ ‘ओरडतोस कशाला, बहिरा नाही मी.’ आजोबा हटवादी नसतात. हलका आवाज उचलणारे कोणी उरले नाही, म्हणून पहिले वाक्य पोचत नाही. दुसरे मात्र तरुण कानाइतकेच मोठे लागते. दोन्हींमधली जागाच आकसलेली असते.

जुनी श्रवणयंत्रे हे न ओळखता सगळेच सरसकट वाढवत. कुकरची शिट्टी, दाराचा धाडकन आवाज सहन होत नसे आणि यंत्र कपाटात जाऊन पडे. अमेरिकेतले एडगर विल्चर हे मूळचे लाउडस्पीकरवाले. बंदिस्त पेटीचा छोटा स्पीकर त्यांनी १९५४ मध्ये बाजारात आणला होता. त्यांनीच १९७३ मध्ये खालच्या आणि वरच्या स्वरांना वेगवेगळे कॉम्प्रेस केले तर अशा रुग्णांना बोलणे जास्त स्पष्ट कळते, हे प्रयोगाने दाखवले. आजच्या डिजिटल मशीनमध्ये असे अनेक पट्टे असतात, प्रत्येकाला स्वतःचा कॉम्प्रेसर. माइक, प्रीअँप, इक्वलायझर, कॉम्प्रेसर : पट्टी पूर्ण झाली.

निरोगी कानाच्या बाबतीत मात्र हाच कॉम्प्रेसर अडचणीचा ठरू शकतो. आजची बरीच गाणी इतकी दाबलेली असतात की त्यात हलकी जागाच राहत नाही, आणि कानाला पोचणारी एकूण ऊर्जा वाढते. जागतिक आरोग्य संघटनेचे मोजमाप आठवड्याला ४० तास, ८० डेसिबलपर्यंत. दर ३ डेसिबल वाढीला वेळ निम्मा : ८३ ला २० तास, ८६ ला १०, ८९ ला ५.

मशीन वापरणाऱ्यांपैकी ज्यांना गाण्याची आवड आहे, त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट. मशीनची मूळ मांडणी बोलणे ऐकण्यासाठी केलेली असते. प्रत्यक्ष मैफलीतला जोरकस आवाज तिच्या प्रीअँपलाच झेपला नाही तर तो फाटतो, आणि पुढे कितीही कमी केला तरी फाटकाच राहतो. शिवाय शिट्टी रोखणारी यंत्रणा लांबलेल्या स्वराला शिट्टी समजते. बासरी किंवा तंबोरा मग हलल्यासारखा वाटतो. ऑडिओलॉजिस्टला संगीतासाठी वेगळा प्रोग्रॅम घालून द्यायला सांगता येते. त्यात शिट्टी-रोधक सौम्य ठेवतात आणि कॉम्प्रेसरही हलका, सावकाश सोडणारा ठेवतात. तपासणीला जाताना नेहमी ऐकता ते एखादे गाणे फोनवर घेऊन जा, आणि घरी तंबोरा असेल तर तोही कसा ऐकू येतो ते सांगा.