गवतातली साखर आणि घोड्याचे खूर

हिरव्यागार कुरणात चरता चरताच तट्टू लंगडे होते, असे सांगितले तर तुमचा विश्वास बसेल? ब्रिटनमध्ये शेटलंड, वेल्श अशी बुटकी तट्टे पाळणाऱ्यांना मात्र दर वसंतात ही धास्ती असते. रोगाचे नाव लॅमिनायटिस.

घोड्याच्या खुरातले हाड नुसते तळव्यावर टेकलेले नसते. खुराच्या भिंतीला आतून सुमारे ५५० ते ६०० उभे, पातळ पदर असतात. हाडाकडचे तसेच पदर त्यांत गुंतलेले असतात आणि या गुंफणीवर हाड जणू टांगलेले राहते. गुंफण सैल झाली, की जनावराच्या वजनानेच हाड फिरते किंवा खाली सरकते. वेदना इतक्या, की कित्येकदा दयामरणाशिवाय उपाय उरत नाही.

पण याचा साखरेशी काय संबंध? २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात निरोगी तट्टांना सतत इन्शुलिन दिले. रक्तातली साखर मात्र नेहमीइतकीच राखली. तरीही ७२ तासांत सर्वांना लॅमिनायटिस झाला! म्हणजे खुराला नडते ते वाढलेले इन्शुलिन. काही तट्टांच्या शरीरात गोड चारा खाल्ल्यावर ते प्रमाणाबाहेर स्रवते.

आता प्रकाशसंश्लेषण आठवा. गवत दिवसा साखर तयार करते आणि रात्री वाढीसाठी खर्च करते. म्हणून पहाटेचे गवत कमी गोड, दुपार कलल्यावरचे जास्त. मात्र रात्री तापमान ५ अंशांच्या खाली गेले, की वाढ थांबते आणि साखर तशीच शिल्लक राहते. दंव पडलेली सकाळ म्हणूनच फसवी!

वाळवल्याने साखर नाहीशी होत नाही. नाजूक तट्टांच्या वाळल्या चाऱ्यात साखर आणि स्टार्च मिळून कोरड्या वजनाच्या १० ते १२ टक्क्यांच्या आत असावेत, असे पशुवैद्य सांगतात. डोळ्यांनी हे कळत नाही. प्रयोगशाळेतच तपासावे लागते. चारा तासभर पाण्यात बुडवून ते पाणी फेकून दिले, तर बरीच साखर निघून जाते. स्टार्च विरघळत नाही, तो राहतो. काही क्षारही साखरेबरोबर जातात. वर्गात मूठभर वाळले गवत भिजवून पाहा, पाणी चहासारखे पिवळट होते. उन्हाळ्यात मात्र फार वेळ भिजवू नये, चारा आंबतो.

मग तट्टाला उपाशीच का ठेवू नये? लठ्ठ तट्टू उपाशी राहिले, तर त्याच्या रक्तात चरबी इतकी वाढते, की तेच जिवावर बेतू शकते. त्यामुळे रोज वजनाच्या सुमारे दीड टक्का, म्हणजे ३०० किलोच्या तट्टाला साडेचार किलो कोरडा चारा, दिवसभरात थोडाथोडा घालतात.