शोध संपल्यानंतर

21 मे 2024 च्या संध्याकाळी वादळी वाऱ्यात उजनी धरणाच्या फुगवट्यावर कुगावहून कळाशीला निघालेली प्रवासी बोट उलटली. सहा जण बुडाले, त्यांत दोन चिमुकली. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे (एनडीआरएफ) जवान आणि आसपासचे लोक शोधाला लागले; मृतदेह हाती यायला तिसरा दिवस उजाडला. आदल्याच वर्षी, ऑगस्ट 2023 मध्ये, इंदापूर तालुक्यातल्या म्हसोबावाडीत विहिरीच्या ढिगाऱ्याखाली चार मजूर गाडले गेले होते; त्यांनाही असेच शोधावे लागले.

असे शोधकाम करून आलेल्याची झोप उडते, तेच दृश्य पुन्हा दिसते, घरात विनाकारण चिडचिड होते. पहिले काही आठवडे हे स्वाभाविकच. महिना उलटूनही कमी झाले नाही, तर मात्र डॉक्टर गाठावा. परतल्या परतल्या सगळ्यांना बसवून ‘काय पाहिलंत ते सांगा’ असा आग्रह धरू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. ज्याला बोलायचे त्याचे ऐकावे, बाकीच्यांना जेवू-झोपू द्यावे. दारूने झोप लागल्यासारखी वाटते, पण ती तुटकच असते.

जवानामागे निदान तुकडी तरी असते. मदतीला धावलेल्या गावकऱ्याची विचारपूस सहसा कुणी करत नाही. त्याच्यासाठीही सरकारची ‘टेली मानस’ सेवा आहे: 14416, मोफत, चोवीस तास, मराठीतूनही.